गरम झाली की गाडी गटांगळ्या खाते, व्होल्टमीटरने फ्युएल इंजेक्शन तपासता येईल का?

तेलकट_बोटं:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचत असतो, आज स्वतःचं रडगाणं घेऊन आलोय. गाडी जुनी आहे, पेट्रोल, चार सिलिंडर, इंजेक्टर मॅनिफोल्डवर (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपांवर) बसतात तो साधा प्रकार. सकाळी थंड असताना एका सेल्फला सुरू होते आणि छान चालते, पण अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण तापलं की नाटकं सुरू. सिग्नलला उभी केली की आयडलिंग वरखाली, कधीकधी बंदच पडते. गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू करायला गेलं तर सेल्फ मारत बसा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला तर कशीबशी उचलते आणि मागून भसकन काळा धूर. पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज पार झोपलंय, प्लग काढून बघितले तर चारही काजळ लावल्यासारखे काळे.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी ०१७२ एवढा एकच कोड आला, म्हणजे मिक्श्चर रिच, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. लाइव्ह डेटात पाण्याचं तापमान ६८-७० च्या वर जातच नव्हतं म्हणून त्याने आधी थर्मोस्टॅट बदलला, फरक शून्य. मग कूलंट सेन्सर बदलला, तरी ६८. मग थ्रॉटलचा सेन्सर बदलला. आता म्हणतो इसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय, तो बदलू. इथे मी हात जोडले आणि गाडी घरी आणली.

माझ्याकडे डिजिटल मल्टीमीटर आहे, साधाच, व्होल्ट आणि ओहम मोजतो. स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) वगैरे काही नाही. एवढ्यावर इंजेक्शन सिस्टीम तपासता येते का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची? वायरिंगचं मला भय नाही, घरातली कामं करतो, पण गाडीत कुठे काय लावलं तर इसीएम जळेल ही धास्ती आहे.

चेकइंजिन:
मल्टीमीटर घेऊन एकेक वायर टोचत बसलात तर दिवाळी येईल. स्वतःचा एक स्कॅनर घ्या, लाइव्ह डेटा बघा, सगळं एका जागी दिसतं. आजच्या काळात व्होल्टमीटरने इंजेक्शन तपासणं म्हणजे कंदील घेऊन सूर्य शोधणं.

जुना_कार्ब:
चेकइंजिन, तुमचा कंदील राहू द्या बाजूला. स्कॅनर काय दाखवतो? इसीएमला काय वाटतंय ते. इसीएमला वाटतंय पाणी ६८ ला आहे. खरं किती आहे हे स्कॅनरला कुठून कळणार, तो वायरीच्या त्याच टोकाला बसलाय. आणि स्कॅनर नव्हता तेव्हाही इंजेक्शनच्या गाड्या होत्याच की. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन सिस्टीम फोक्सवॅगन १६०० ला बसली १९६७ मध्ये, आणि अमेरिकेत विकायच्या गाड्यांना ओबीडी-२ (स्कॅनर जोडायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं ते १९९६ पासून. मधली तीस वर्षं लोक व्होल्टमीटर आणि ओहममीटरवरच काम करत होते.

आता तेलकट_बोटं, तुमच्यासाठी. आधी भीतीचं बघू. व्होल्टवर ठेवलेला डिजिटल मीटर इसीएमला काही करत नाही, त्याचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो, म्हणजे तो सर्किटमधून जवळजवळ काही घेतच नाही. काट्याचा जुना मीटर असेल तर मात्र तो इथे वापरू नका, तो व्होल्टामागे २० किलोओहमवाला असतो, ऑक्सिजन सेन्सरसारख्या नाजूक सिग्नलला तो खालीच ओढतो आणि आकडा चुकीचा येतो. आणि साधा बल्बवाला टेस्टर इसीएमच्या वायरींना लावायचा नाही, तो करंट ओढतो. ओहम मोजताना सर्किटमध्ये करंट असता कामा नये, किल्ली बंद आणि बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं.

सुरुवात सेन्सरपासून नाही, बॅटरीपासून करायची. लोक हेच सोडून देतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवेत, १२.२ असतील तर बॅटरी अर्धी रिकामी आहे. सेल्फ मारताना मीटरकडे बघा, ९.६ च्या खाली जाता कामा नये, खाली गेली तर इसीएम स्वतःच भांबावतो आणि मग तुम्ही इंजेक्टरला दोष देत बसता. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५. आणि एकदा मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवरच मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, आणि तो कचरा सगळ्या सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळतो.

मग सेन्सर. बहुतेकांना इसीएम ५ व्होल्टचा पुरवठा देतो. थ्रॉटल सेन्सरला तीन वायरी, एक ५ व्होल्ट, एक अर्थ (निगेटिव्ह बाजू), एक सिग्नल. किल्ली ऑन, इंजिन बंद, पेडल सोडलेलं असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास, आणि मधे पेडल सावकाश दाबत न्यायचं, आकडा सरळ चढत गेला पाहिजे, मधेच कुठे धपकन पडला तर तिथली पट्टी झिजलीय. पाण्याच्या सेन्सरला दोन वायरी, तो तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, त्यामुळे थंडीत व्होल्टेज जास्त आणि गरम झाल्यावर कमी. २० डिग्रीला ३ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण तापल्यावर अर्ध्या व्होल्टच्या आसपास, गाडीगणिक थोडं इकडेतिकडे. कपलर (वायरींचा कनेक्टर) काढला तर वायरीवर पूर्ण ५ येतात, तेव्हा इसीएमला वाटतं पाणी उणे ४० ला आहे. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा) किल्ली ऑन इंजिन बंद असताना समुद्रसपाटीला ४ ते ४.५, हजार मीटर वर चढलात की जवळपास अर्धा व्होल्ट कमी, आणि आयडलिंगला सव्वाच्या आसपास.

मोजताना वायरचं कव्हर टोचायचं नाही, त्या भोकातून पुढे पाणी शिरतं. कपलर लावलेलाच ठेवा आणि मागून, वायर आत जाते तिथल्या रबराच्या शेजारून, एक बारीक टाचणी हळूच सरकवा, टर्मिनलला लागली की तिला मीटरची काडी लावा. पुढून तोंडात जाड काडी खुपसू नका, टर्मिनल फाकतं आणि मग आयुष्यभर लूज कॉन्टॅक्ट.

सगळे आकडे कागदावर लिहा. थंड असतानाचे वेगळे, गरम असतानाचे वेगळे. आणि प्रत्येक वेळी काळी काडी कुठे लावली होती तेही लिहा. हे शेवटचं का सांगतोय ते आकडे आल्यावर बोलू.

फ्यूज_उडाला:
काकांनी सगळं सांगितलं पण एक राहिलं, आणि ते मी स्वतः केलेलं आहे म्हणून सांगतो, हसू नका. मीटरची लाल वायर आदल्या दिवशी करंट मोजायला १० अँपिअरच्या भोकात घातली होती आणि तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी चकती व्होल्टवर फिरवली, काडी मेन रिलेच्या वायरला लावली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. टचकन ठिणगी, आणि गाडी मेली. चकती कुठेही असो, लाल वायर त्या भोकात असली की मीटर म्हणजे तांब्याची तार, सरळ शॉर्ट. मीटरचा फ्यूज गेला, गाडीचा फ्यूज गेला, आणि मी दोन तास इसीएम जाळला म्हणून डोकं धरून बसलो, मग फ्यूजबॉक्स उघडायचं सुचलं. तेव्हापासून काडी टेकवायच्या आधी भोकं बघायची सवय लागलीय, देवाला नमस्कार करावा तशी.

अजून एक, डिझेल कॉमन रेल किंवा पेट्रोलमध्ये डायरेक्ट इंजेक्शन असेल तर इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नका. तिथे इसीएम आतमध्ये व्होल्टेज वाढवून ६५ आणि त्याच्याही वर नेतो, आणि रेलमधलं प्रेशर वेगळंच, कातडी फाडून आत घुसेल एवढं. तेलकट भाऊंची साधी मॅनिफोल्डवाली आहे म्हणून चाललंय. आणि बॉनेटमध्ये काड्यांच्या वायरी लोंबत ठेवू नका, रेडिएटरचा पंखा किल्ली बंद असताना पण फिरू शकतो.

तेलकट_बोटं:
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आणि आज सकाळी बसलो. भोकं तपासली हो आधी!

बॅटरी १२.५८, सेल्फ मारताना १०.४ पर्यंत गेली, चालू असताना १४.१. एसी मोजला तर ०.०३. म्हणजे इथे सगळं ठीक ना?

थंड असताना पाण्याचा सेन्सर ३.१५. थ्रॉटल सोडलेला ०.८६, पूर्ण दाबलेला ४.५४, मधे कुठे पडत नाही, सरळ चढतो. मॅप किल्ली ऑनला ४.५३, आयडलिंगला १.५०. मग गाडी फिरवून आणली, पंखा सुरू झाला, उभी राहून दचके द्यायला लागली तेव्हा पाण्याचा सेन्सर ०.८६. ५ व्होल्टची वायर ४.९९.

काळी काडी सगळ्या वेळी बॅटरीच्या निगेटिव्हला.

इंजेक्टरचा कपलर लावलेला ठेवून मागून मोजलं, गाडी चालू असताना एका वायरवर १४.१ आणि दुसऱ्या वायरवर १३.८. चारही इंजेक्टरला जवळपास तेच. हे कसं काय? इसीएम अर्थ देतो ना, मग शून्य नको का दिसायला? म्हणजे इंजेक्टर उघडतच नाहीयेत का, पण मग पेट्रोल जास्त कसं जातंय.

पिकअपवाला:
थ्रॉटल ०.८६ म्हणजे सेटिंग चुकलंय. सेन्सरचे दोन स्क्रू ढिले करा, थोडा फिरवून अर्ध्या व्होल्टवर आणा, घट्ट करा. मी माझ्या गाडीला केलंय, दहा मिनिटांचं काम. आणि मॅप जास्त दाखवतोय म्हणजे कुठेतरी हवा ओढतेय, व्हॅक्युमचे पाइप बघा.

जुना_कार्ब:
स्क्रूला हात लावू नका!! पिकअपवाला, राग मानू नका, पण हा सेन्सर नुकताच नवीन बसवलाय आणि जुना पण नक्की हेच दाखवत असणार. तो फिरवून ०.५ वर आणला तर खरा रोग तसाच राहील आणि वरचं टोक बिघडेल ते वेगळं. हवा ओढत असती तर मॅप वर गेला असता हे खरं, पण त्याने थ्रॉटलचा आणि पाण्याचा आकडा कसा वर जाईल? तीन वेगवेगळे सेन्सर, दोन तर नवे, एकाच वेळी बिघडत नाहीत.

आता तेलकट, तुमचा कागद समोर घ्या आणि माझ्याबरोबर बघा. थ्रॉटल खालच्या टोकाला ०.५ हवा होता, आला ०.८६. वरच्या टोकाला ४.५ हवा, आला ४.५४. खाली साडेतीन दशांश चढला आणि वर जवळजवळ हललाच नाही. मॅपचंही तेच, ४.५ ला काही फरक नाही, आयडलिंगला मात्र चढलेला. पाण्याचा सेन्सर थंडीत ३.१५, म्हणजे किंचितच जास्त, गरम झाल्यावर ०.८६, म्हणजे भलताच जास्त. जिथे सिग्नल छोटा तिथे चूक मोठी, जिथे सिग्नल मोठा तिथे चूक नाहीशी. हे कशामुळे होतं? सगळ्या सेन्सरची जमीनच, म्हणजे अर्थच, वर उचलली गेलीय. ०.४ व्होल्टने. वरचं छत ५ वरच आहे, खालची फरशी शून्यावर असायची ती ०.४ वर आली, त्यामुळे फरशीजवळचे आकडे वर ढकलले गेले आणि छताजवळचे जागच्या जागी राहिले.

म्हणून तुमची गाडी थंड असताना शहाणी आणि गरम झाल्यावर येडी. थंडीत पाण्याचा सिग्नल ३ व्होल्टच्या वर, तिथे चूक लपते. तापल्यावर सिग्नल अर्ध्यावर येतो आणि तिथे ०.३६ ची चूक म्हणजे इसीएमला ९० चं पाणी ६८-७० वाटतं. पंखा लागतो हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या जुन्या गाडीत पंख्याचा स्विच रेडिएटरलाच वेगळा असणार, तो इसीएमला विचारत नाही. तो म्हणतोय पाणी तापलं, इसीएम म्हणतोय कोमट आहे. बिचारा थर्मोस्टॅट उगाच बळी गेला.

आणि बघा, सगळ्या चुका एकाच दिशेने. पाणी गार वाटलं की पेट्रोल वाढव. मॅप जास्त म्हणजे इंजिनवर लोड आहे, पेट्रोल वाढव. थ्रॉटल थोडा उघडा वाटतो, वाढव. रिच नाही होणार तर काय होणार. पूर्ण पेडल दाबून सेल्फ मारल्यावर का सुरू होते तेही कळलं असेल, सेल्फ मारताना पूर्ण पेडल दिसलं की बऱ्याच गाड्यांचा इसीएम इंजेक्टर बंद ठेवतो, तुंबलेलं पेट्रोल निघून जातं. आणि स्कॅनरला सेन्सरचा एकही कोड का आला नाही? कारण ०.८६ हा आकडा खोटा असला तरी अशक्य नाही. वायर तुटली असती, ५ व्होल्ट आले असते, तर इसीएम ओरडला असता. मर्यादेत राहून खोटं बोलणाऱ्याला तो पकडत नाही.

आता हे सिद्ध करा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. किल्ली ऑन, इंजिन बंद चालेल. काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल काडी पाण्याच्या सेन्सरच्या अर्थ वायरला, सिग्नलला नाही. ०.०५ च्या आत हवं. मला वाटतं तुम्हाला ०.४ दिसेल. मग थ्रॉटलच्या कपलरमध्ये ५ व्होल्टची वायर आणि अर्थची वायर यांच्यामध्ये मोजा, ४.६ भरेल. मग लाल काडी इसीएमच्या कपलरला, सेन्सरचा अर्थ आत जातो त्या पिनवर. तिथे जवळजवळ शून्य आलं तर इसीएमचा स्वतःचा अर्थ चांगला आहे आणि भानगड इसीएम ते सेन्सर या वायरीत आहे. तिथेही ०.४ आलं तर इसीएमचा बॉडी अर्थ बघायचा, पण मग गोष्ट वेगळी.

इंजेक्टरचं उत्तर कोणीतरी द्या, माझी बोटं दुखली.

सोल्डरगन:
इंजेक्टरचं मी सांगतो. तेलकट, तुमचे इंजेक्टर उघडतायत, मीटर तेवढा वेगवान नाहीये. इंजेक्टरच्या एका वायरवर बॅटरी कायम असते आणि इसीएम दुसरी वायर क्षणभर जमिनीला लावतो. ८०० आरपीएमला दोन फेऱ्यांना १५० मिलिसेकंद लागतात आणि त्यात इंजेक्टर एकदाच, दोन-तीन मिलिसेकंद उघडतो. बाकीचे १४७ मिलिसेकंद दुसऱ्या वायरवर पण बॅटरीचाच व्होल्टेज, कारण इंजेक्टरच्या कॉइलमधून तो पलीकडे येतो. मीटर सरासरी काढतो, १४.१ मधून दोन टक्के गेले की १३.८, तुमचा आकडा अगदी बरोबर आहे. पल्स येतोय की नाही एवढंच बघायचं असेल तर एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावा, इंजेक्टरचा कपलर काढून त्याच्या दोन टर्मिनलमध्ये घाला, पॉझिटिव्ह बाजू बघून, आणि सेल्फ मारा, लुकलुकली की झालं. कॉइल बघायची असेल तर कपलर काढून ओहम मोजा, अशा गाडीत बहुतेक १२ ते १६ असतात, चारही एकसारखे हवेत. तीन १४ आणि एक ९ आला तर तो ९ वाला बघायचा.

आणि जाता जाता, व्होल्टेज आहे म्हणजे वायर चांगली असं समजू नका कोणी. पंपाच्या वायरीत वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी कपलर काढून मोजलं की मीटर १२.६ दाखवतो, कारण मीटर करंटच घेत नाही. तिथेच २१ वॉटचा बल्ब लावा, पावणेदोन अँपिअर ओढेल, वायर खराब असेल तर मिणमिणेल. सेन्सरच्या वायरींना बल्ब नाही लावायचा अर्थात, पंप, रिले, इसीएमचा मेन पुरवठा अशा ठिकाणी.

चेकइंजिन:
जमीन उचलली जाते हे डोक्यात नव्हतं आलं. कंदील मागे घेतो. पण एक शंका, सेन्सरला तर करंट अगदी थोडा लागतो ना, मग एवढ्याशा करंटने ०.४ व्होल्ट कसे पडतील?

जुना_कार्ब:
चांगला प्रश्न. करंट थोडा म्हणूनच रेझिस्टन्स बऱ्यापैकी हवा. मॅप सेन्सर ७ ते १० मिलिॲम्पिअर घेतो, बाकी थ्रॉटल आणि दोन तापमानाचे (पाण्याचा आणि हवेचा) मिळून अजून चारेक. १३ मिलिॲम्पिअर धरा. ०.४ भागिले ०.०१३ म्हणजे ३० ओहम. अर्ध्या ओहमच्या आत असायला हवी ती वायर. एखादा हिरवा पडलेला जोड ३० ओहम सहज देतो.

तेलकट_बोटं:
काका!!! तंतोतंत. सेन्सरच्या अर्थ वायरवर ०.४०, थ्रॉटल कपलरमध्ये पाचच्या जागी ४.५९, इसीएमच्या पिनवर ०.०१. मी घरात ओरडलोच, बायकोला वाटलं शॉक बसला.

एक गंमत झाली, मीटर तसाच लावलेला असताना मॅपचा कपलर काढून बघितला तर ०.४० चं एकदम ०.१२ झालं, मी घाबरलो की काय बिघडवलं, मग चेकइंजिनला दिलेलं तुमचं उत्तर परत वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यात जास्त करंट घेणारा गेला, पडझड कमी झाली. कपलर परत लावला, ०.४०.

मग बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, इसीएमचा कपलर काढला आणि त्याच्या पिनपासून पाण्याच्या सेन्सरच्या कपलरपर्यंत ओहम मोजले. आधी काड्या एकमेकींना टेकवल्या, ०.३, आणि वायरीचे २९.८ ते ३१, स्थिर राहत नव्हता. हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत गेलो. थर्मोस्टॅटच्या घराजवळ वायरिंग वळतं तिथे दाबलं की आकडा एकदम ४४, सोडलं की ३०. टेप उलगडली. वरून एकदम कोरी टेप आणि आत चार वायरी एकत्र दाबून केलेला जोड, त्यावर मोरचुदासारखी हिरवट पूड, बोटाने घासली तर तांब्याचे धागे हातात आले. वर बघितलं तर थर्मोस्टॅटच्या गॅस्केटखाली कूलंट ओघळल्याची जुनी वाळलेली रेघ. म्हणजे कधीतरी तिथून थेंबथेंब गळत होतं आणि टेपने स्पंजसारखं शोषून घेतलं.

आता जोडायचं कसं ते सांगा, नुसतं पिळून टेप मारणार नाहीये.

सोल्डरगन:
हिरवा भाग सगळा कापून टाका, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जा, काळपट पडलेल्या तारेला डाग (सोल्डर) बसत नाही. लांबी कमी पडली तर प्रत्येकीला त्याच जाडीचा तुकडा जोडा. क्रिंप करा (पकडीने दाबून जोडा), मग हलका डाग, ॲसिडवाली पेस्ट अजिबात नको. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी, ती तापवली की दोन्ही टोकांतून गोंद किंचित बाहेर येतो, तोवर तापवा. नळी वायर जोडायच्या आधी घालायची असते, हे मी दर चौथ्या वेळी विसरतो. आणि इसीएमचा कपलर काढलेलाच असू द्या डाग देताना. जोड त्या गॅस्केटपासून लांब, वरच्या बाजूला बांधा.

तेलकट_बोटं:
झालं. नळी आधी घालायला मीही विसरलो, एक जोड परत कापला.

आता आकडे, काळी काडी परत बॅटरीच्या निगेटिव्हला. सेन्सरचा अर्थ ०.०१. थ्रॉटल ०.५१ आणि ४.५०. मॅप आयडलिंगला १.१९. पाण्याचा सेन्सर पंखा चालू असताना ०.४८. प्लग साफ करून बसवले, बॅटरी काढल्यामुळे इसीएम आधीचं शिकलेलं विसरला होता, पहिली दहा मिनिटं आयडलिंग जरा वरखाली झालं, मग बसलं. एक आठवडा चालवली, गरम असताना पण अर्ध्या सेल्फला उठते. ऑक्सिजन सेन्सरवर पण मीटर लावून बघितला, आधी ०.८ च्या आसपास चिकटून असायचा, आता ०.१ आणि ०.९ च्या मधे नाचतोय, मीटर धड पकडू शकत नाही एवढा. गॅस्केट नवीन टाकली. जुना थर्मोस्टॅट, जुना कूलंट सेन्सर आणि जुना थ्रॉटल सेन्सर तिन्ही डिकीत पडलेत, तिन्ही चांगले.

पिकअपवाला:
मी दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा थ्रॉटल सेन्सर फिरवून ०.५ वर आणला होता ना, हा धागा वाचून आज सेन्सरचा अर्थ मोजला. ०.३१ आला. आता इसीएमचा कपलर उघडायला घेतोय.

जुना_कार्ब:
आधी इसीएमच्या पिनवर मोजा, कपलर लावलेला असताना. आणि उघडायचाच असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून. स्क्रू जिथे होता तिथली जुनी खूण दिसते का बघा, नंतर तो परत तिथेच न्यावा लागेल.